कॅन्डिडा रक्तात कशी शिरते, आणि ‘प्रतिकारशक्ती कमी’ म्हणजे नेमकं काय कमी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका गृहस्थांची आई, वय ६२, मधुमेह. आतड्याला छिद्र पडलं म्हणून तातडीने ऑपरेशन झालं, आयसीयूत दुसऱ्या आठवड्यातही ताप हटेना आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) ‘कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस’ आली, म्हणजे कॅन्डिडा या यीस्टची, एकपेशीय बुरशीची, एक जात. त्याच घरात त्यांच्या पत्नीला वर्षभरात चार वेळा अंगावरून पांढरं जाणं आणि खाज. तपासलं तर तिथेही कॅन्डिडाच. दोघींच्या बाबतीत सांगितलं गेलं, ‘प्रतिकारशक्ती कमी झालीय.’ त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हे आलं कुठून, एकीकडून दुसरीला लागलं का, आणि प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यायचं.

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यावरून घरात उगाच भांडी वेगळी, टॉवेल वेगळे असं सुरू होतं. नाही, लागलेलं नाही. आईच्या रक्तात आलेली कॅन्डिडा बहुधा आईच्याच आतड्यातली आहे आणि सुनेची तिची स्वतःची. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, बायकांच्या योनिमार्गात हे यीस्ट थोड्या संख्येने असतंच, आणि वर्षानुवर्षं काही करत नाही. पाव-खारीचं यीस्ट वेगळं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाचं. पाव खाल्ल्याने कॅन्डिडा होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे कॅन्डिडा जाण्याची खरी जागा घर नव्हे, आयसीयू आहे. तिथे ती हातांवरून आणि लाइनवरून, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीवरून, पसरते. त्याकडे पुढे येतो.

आता मूळ मुद्दा. ‘प्रतिकारशक्ती’ ही कमी-जास्त होणारी एकच वस्तू नाही. कॅन्डिडाच्या बाबतीत तर तोंड-आतडं यांच्या अस्तरावरचा बंदोबस्त एक, रक्त आणि अवयवांमधला दुसरा, आणि योनिमार्गात तर तिसराच प्रकार. कुठला बंदोबस्त ढासळला यावर आजार कुठे होणार ते ठरतं. हे समजलं की औषध काय आणि काळजी कसली हे आपोआप सुटं होतं.

कॅन्डिडा अल्बिकन्सपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त माहिती तिचीच आहे. साधारण ५ मायक्रॉनची अंडाकृती पेशी, बाजूला कोंब फुटून वाढणारी. प्रयोगशाळेत तिची ओळख पटवायची जुनी आणि अजूनही उपयोगी चाचणी म्हणजे जर्म ट्यूब. अर्धा मिली मानवी सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) घ्यायचं, त्यात प्लेटवर वाढलेल्या वसाहतीतला अगदी टोकावर मावेल इतकाच अंश मिसळायचा, ३७ अंशांवर दोन ते तीन तास ठेवायचं आणि एक थेंब काचेवर घेऊन बघायचं. गोल पेशीतून सरळ नळी निघालेली दिसते. पेशी आणि नळी यांच्या जोडावर आवळलेलं नसेल तर ती खरी जर्म ट्यूब. आवळलेलं असेल तर तो खोटा तंतू; ट्रॉपिकॅलिस तीन तासांपेक्षा जास्त ठेवली तर असेच तंतू काढते आणि घाईत वाचणारा तिला ‘अल्बिकन्स’ लिहून मोकळा होतो. नमुना जास्त घातला तर उलट होतं, खऱ्या अल्बिकन्सलाही नळी फुटत नाही. ही चूक कागदावर लहान दिसते, पण पुढची औषधाची निवड त्यावर अवलंबून असते.

आजाराचं मूळही त्या नळीतच आहे. ३७ अंश तापमान, सीरम, कार्बन डायऑक्साइड, आम्लता कमी झालेली जागा, असे संकेत मिळाले की पेशी तंतूरूप घेते. तंतूच्या पृष्ठभागावर चिकटणारी प्रथिनं येतात. त्यांतलं एक, एएलएस-३, आपल्या पेशींच्या प्रथिनाला धरून आत ओढून घ्यायला लावतं, आणि आपल्या लोहाच्या साठ्यालाही, म्हणजे फेरिटिनला, चिकटतं. प्रथिनं तोडणारी विकरं सुटतात. आणि तंतू पेशीत घुसला की कॅन्डिडालायसिन नावाचं ३१ अमिनो आम्लांचं विष सुटतं, जे आपल्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. बुरशी असं विष बनवते हे २०१६ साली समजलं. त्याआधी तंतू रेटून घुसतात एवढंच चित्र होतं.

शरीरही नेमकं ह्याच बदलावर लक्ष ठेवून असतं. थोड्या गोल पेशी अस्तरावर असल्या तर अस्तराच्या पेशी दुर्लक्ष करतात. केलंच पाहिजे, नाहीतर जेवताना रोज तोंड सुजलं असतं. तंतू वाढले आणि कॅन्डिडालायसिन जाणवलं की मात्र त्या इशारा देतात. हा इशारा मोजून दिलेला असतो.

ओळख पटते पेशीभित्तिकेवरून. कॅन्डिडाच्या भिंतीत बाहेर मॅनन, आत बीटा-ग्लुकन, त्याखाली कायटिन. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ग्राहक असतो, तो बीटा-ग्लुकन ओळखतो. डेक्टिन-२ आणि इतर काही मॅनन ओळखतात. पण बीटा-ग्लुकन मॅननखाली झाकलेलं असतं, आणि कॅन्डिडा परिस्थितीप्रमाणे ते झाकण आणखी घट्ट करू शकते. आपल्या आतड्यातले जंतू लॅक्टेट बनवतात, त्या लॅक्टेटचा सुगावा लागला तरी ती हे करते. ओळख पटलीच तर डेक्टिनपासून निघालेला निरोप कार्ड-९ नावाच्या प्रथिनातून पुढे जातो. हे प्रथिन जन्मतः सदोष असलेल्या मोजक्या लोकांत कॅन्डिडा मेंदूपर्यंत पोचते, इतका तो दुवा मोलाचा आहे.

इथून वाटा फुटतात. अस्तरावरचा बंदोबस्त टीएच-१७ पेशींचा, ह्या सीडी-४ गटातल्या पांढऱ्या पेशी. त्या इंटरल्युकिन-१७ आणि २२ हे निरोप देणारे रेणू सोडतात, त्यामुळे अस्तराच्या पेशी डिफेन्सिन नावाची जंतुनाशक प्रथिनं बनवतात आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, बोलावून घेतात. एचआयव्हीत सीडी-४ पेशी प्रति मायक्रोलिटर २००च्या खाली गेल्या की तोंडात पांढरे चट्टे येतात, घास गिळताना छातीत दुखतं, ते ह्यामुळे. पण त्याच रुग्णाच्या रक्तात कॅन्डिडा सहसा येत नाही, कारण रक्तातला पहारा न्यूट्रोफिलांचा असतो आणि तो शाबूत असतो. कॅन्सरच्या केमोथेरपीत उलट चित्र: न्यूट्रोफिल प्रति मायक्रोलिटर ५००च्या खाली गेले की रक्तातली कॅन्डिडा हा खरा धोका. सोरायसिससाठी दिल्या जाणाऱ्या सेक्युकिनुमॅबसारख्या औषधांत इंटरल्युकिन-१७ अडवलं जातं. त्या रुग्णांत तोंडाची, त्वचेची कॅन्डिडा वाढते, रक्ताची नाही. दोन बंदोबस्त वेगळे असल्याचा ह्याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

न्यूट्रोफिल कॅन्डिडाला गिळून ऑक्सिजनच्या मारक रेणूंनी मारतात. गिळण्याजोगी नसेल, म्हणजे तंतू लांब असेल, तर स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. त्या जाळ्यात कॅल्प्रोटेक्टिन असतं, ते जस्त आणि मँगनीज पकडून ठेवतं आणि बुरशीची उपासमार करतं. मॅक्रोफाजना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या पेशींना, हे तितकं साधत नाही. गिळलेली कॅन्डिडा आतल्या पोकळीची आम्लता कमी करते, मग तंतू काढून पेशी फोडून बाहेर पडते. साखर बेसुमार वाढलेली असली की न्यूट्रोफिल जागेवर पोचायला उशीर लावतात आणि मारायलाही कमी पडतात. मधुमेहात ‘प्रतिकारशक्ती कमी’ म्हणतात तिचा मोठा हिस्सा हाच.

आता आईंकडे. त्यांच्या बाबतीत एकाच वेळी बऱ्याच गोष्टी जुळून आल्या. छिद्रामुळे आतड्यातली कॅन्डिडा थेट पोटाच्या पोकळीत गेली. जबर अँटिबायोटिक्सनी आतड्यातले जंतू मेले. जागा आणि अन्न मोकळं झालं, कॅन्डिडाची संख्या वाढली. मानेतली सेंट्रल लाइन म्हणजे त्वचेतून रक्तात सरळ वाट, शिवाय प्लास्टिकवर बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, धरायला जागा. नसेतून पोषण चालू असेल तर भर. आणि साखर. ‘प्रतिकारशक्ती कमी’ हे ह्या यादीत सगळ्यात शेवटी येतं. अडथळेच मोडले, तर पेशी चांगल्या असूनही कमी पडतात.

ट्रॉपिकॅलिस आली यात नवल नाही. भारतातल्या २७ आयसीयूंच्या अभ्यासात दर हजार भरतींमागे साधारण साडेसहा रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली आणि त्यांत ट्रॉपिकॅलिस सुमारे ४२ टक्के, म्हणजे अल्बिकन्सपेक्षा पुढे. पाश्चात्य पुस्तकं वाचून अल्बिकन्स गृहीत धरू नये.

रक्तात कॅन्डिडा एकाच बाटलीत, एकदाच आली तरी ती ‘कंटॅमिनेशन’ (नमुना घेताना बाहेरून मिसळलेली) म्हणून सोडायची नसते. त्वचेवरच्या जंतूंना लावतो तो न्याय इथे लागत नाही. उलट धोका हा की कल्चर साधारण निम्म्याच वेळी पॉझिटिव्ह येतं. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त, दोन वेगळ्या जागांवरून, हे काटेकोर हवं. ३ मिली घालून पाठवलेली बाटली निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नका. बीटा-डी-ग्लुकनची रक्ततपासणी मदतीला येते, पण अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन चालू असेल, सेल्युलोजच्या फिल्टरवर डायलिसिस झालं असेल किंवा पोटात गॉझ भरलेलं असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह येते. तिचा खरा उपयोग निगेटिव्ह आल्यावर, औषध थांबवायला.

उपचार बहुधा सुरूच असतील, पण काय चाललंय ते कळावं म्हणून सांगतो. सुरुवात एकिनोकॅन्डिन गटाने: कॅस्पोफंजिन पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, मग रोज ५०, किंवा मिकाफंजिन रोज १००, किंवा अनिडुलाफंजिन पहिल्या दिवशी २००, मग १००. ही औषधं बीटा-ग्लुकन बनूच देत नाहीत. म्हणजे आपल्या पेशी जे ओळखतात तोच भाग औषधाचं लक्ष्य. सेंट्रल लाइन शक्य तितक्या लवकर काढायची. बायोफिल्ममध्ये औषध पुरेसं पोचत नाही. एक दिवसाआड किंवा रोज कल्चर परत पाठवायचं, आणि पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून १४ दिवस मोजायचे. औषध सुरू केल्यापासून नाही! ही गफलत फार होते आणि उपचार चार-सहा दिवसांनी कमी पडतो. बुबुळाच्या आत डाग नाहीत ना, हे नेत्रतज्ज्ञाकडून बाहुली मोठी करून बघून घ्यायचं. डोळ्यात शिरली असेल तर एकिनोकॅन्डिन तिथे नीट पोचत नाही, औषध बदलावं लागतं. कल्चर निगेटिव्ह होईना तर इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि पोटात पू साठलाय का हे सोनोग्राफी किंवा सीटीवर बघायचं. पू निघाला तर औषधाइतकंच त्याला महत्त्व. पण जुन्या ड्रेनमधून, म्हणजे घालून २४ तास उलटून गेलेल्या नळीतून घेतलेल्या नमुन्यात कॅन्डिडा आली तर ती बहुतेकदा नळीतलीच. त्यावर निर्णय घ्यायचा नाही.

तसंच लघवीत कॅन्डिडा. कॅथेटर असलेल्या रुग्णात ती सापडतेच. त्रास नसेल, न्यूट्रोफिल ठीक असतील आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली नसेल तर कॅथेटर काढा किंवा बदला, औषध नको. थुंकीतली कॅन्डिडा तर न्यूमोनियाचं कारण जवळपास कधीच नसते. ह्या दोन रिपोर्टांवर जेवढं फ्लुकोनॅझोल वाया जातं, तेवढ्याने पुढे औषधाला न जुमानणारी प्रजाती वाढते.

आयसीयूत विचारण्यासारखी आणखी एक गोष्ट. जुलाब थांबावेत म्हणून सॅकरोमायसिस बुलार्डीचे सॅशे दिले जातात. हे जिवंत यीस्ट आहे. सेंट्रल लाइन असलेल्या रुग्णात ते द्यायचं नाही, आणि शेजारच्या बेडसाठीही सॅशे तिथे फोडायचं नाही. हवेत आणि हातावर उडालेली पूड लाइनमधून रक्तात गेल्याची उदाहरणं आहेत.

आणि कॅन्डिडा ऑरिस. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णन झालेली, आता जगभरच्या आयसीयूंत. ती त्वचेवर महिनोन्‌महिने राहते, बेडच्या कठड्यावर, मॉनिटरच्या वायरवर जिवंत राहते, आणि फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही. जुन्या पद्धतींत तिला ‘हिम्युलोनी’ म्हणून चुकीचं ओळखलं जातं. रिपोर्टवर हे नाव दिसलं तर लॅबला विचारा, ओळख माल्डी-टॉफ मशीनवर झाली का, नसेल तर नमुना पुढे पाठवता येईल का. वॉर्ड पुसायच्या नेहमीच्या क्वाटरनरी अमोनियम द्रावणाने ती भरवशाने मरत नाही; क्लोरीनचं द्रावण, किमान १००० पीपीएम, लागतं. नातेवाइकांनी एवढंच करावं: बेडला हात लावण्याआधी आणि नंतर हातांना सॅनिटायझर.

आता पत्नीचा त्रास. इथे ‘प्रतिकारशक्ती कमी’ हे निदान बहुतेक वेळा चुकीचंच असतं. योनिमार्गात न्यूट्रोफिल येतात, भरपूर येतात, पण तिथे ते कॅन्डिडाला नीट मारत नाहीत आणि त्यांच्यामुळेच लाली, आग, सूज होते. कॅन्डिडालायसिनने अस्तर डिवचलं की हा ओघ सुरू होतो. म्हणजे त्रास हा शरीराच्या जास्तीच्या प्रतिसादाचा आहे. साधारण चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींची प्रतिकारशक्ती उत्तम असते.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारा आजार म्हणायचं, आणि अशा वेळी अंदाजाने औषध न घेता स्वॅबचं कल्चर करायचं. योनिमार्गाची पीएच ४.५च्या आत, केओएच द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली कोंब आणि तंतू दिसले तर कॅन्डिडा. वास माशासारखा आणि पीएच जास्त असेल तर ते वेगळं दुखणं. मेडिकलवर मिळणारं अँटिबायोटिक आणि फ्लुकोनॅझोल एकत्र असलेलं किट इथे उलटं पडतं: अँटिबायोटिकने योनिमार्गातले उपयोगी जंतू, लॅक्टोबॅसिलस, मरतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. कल्चरमध्ये अल्बिकन्स आली तर फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ दर तिसऱ्या दिवशी, असे तीन डोस, मग आठवड्याला एक, सहा महिने. लोक दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं की सोडतात, तिथेच फसतं. कॅन्डिडाचीच दुसरी जात, ग्लॅब्राटा, आली तर फ्लुकोनॅझोलचा उपयोग कमी. बोरिक अॅसिडची ६०० मिग्रॅची कॅप्सूल योनिमार्गात, १४ रात्री. ती तोंडाने घेतली तर विषारी, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गरोदरपणी फ्लुकोनॅझोल आणि बोरिक अॅसिड दोन्ही नको, क्लोट्रिमॅझोल सात दिवस लावायचं. नवऱ्याला लक्षणं नसतील तर त्याला औषध लागत नाही. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) मात्र करून घ्या.

साखरेचा हाच प्रश्न आईंच्या गोळ्यांबाबतही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. बाहेरच्या अवयवांना खाज, चट्टे येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. घरी गेल्यावर तसं झालं तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा.

दोन इतर यीस्टबद्दल थोडंसं, कारण सोलापुरात ती भेटतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाठीवर-छातीवर जी शिबं उठतात ती मॅलासेझियाची. तेलावर जगणारं यीस्ट, संसर्गजन्य नाही; किटोकोनॅझोलने जातं, पण पांढरे डाग भरायला महिने लागतात आणि त्याला औषध फसलं असं समजून लोक स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणतात. स्टेरॉइडने लाली दबते, यीस्ट पसरतं. दुसरं क्रिप्टोकॉकस, कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढणारं. बंद गिरण्यांच्या शेडमध्ये, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर ती झाडताना आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा. ह्याच्या भोवती जाड कवच असतं, ते पांढऱ्या पेशींना गिळू देत नाही. गिळलं तरी ते मॅक्रोफाजमध्येच वाढतं आणि मेंदूपर्यंत पोचतं. एचआयव्हीत सीडी-४ २००च्या खाली असेल तर डोकेदुखीची वाट न बघता क्रिप्टोकॉकल अँटिजेनची तपासणी एआरटी (एचआयव्ही उपचारांच्या) केंद्रात विचारावी.

राहिला तिसरा प्रश्न, वाढवायला काय द्यायचं. आईंना काढा, च्यवनप्राश, ‘इम्युनिटी’ पावडर यांतलं काहीच नको. साखर आयसीयूत १४० ते १८०च्या दरम्यान राहू दे, लाइन आणि कॅथेटर रोज ‘आज गरज आहे का’ असं विचारून काढू दे, तोंडाने किंवा नळीने अन्न जितक्या लवकर सुरू होईल तितकं आतड्याचं अस्तर सावरेल, अँटिबायोटिक गरजेपुरतंच. धोका मोठा आहे हे लपवण्यात अर्थ नाही. अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मे दगावतात, आणि औषधाला, लाइन काढायला जितका उशीर तितका तो वाढतो. म्हणून सकाळच्या राउंडला डॉक्टरांना हेच विचारा: लाइन कधी बदलली, पहिलं निगेटिव्ह कल्चर कोणत्या तारखेचं, डोळे तपासले का, पोटात काही साठलंय का.

घरी सोडताना तोंडाने फ्लुकोनॅझोल दिलं तर त्यांची मधुमेहाची गोळी कोणती आहे ते बघा. ग्लिमेपिराइड असेल तर फ्लुकोनॅझोल तिचा निचरा अडवतं आणि साखर एकदम खाली जाते. डोस आधीच कमी करून घ्या, पहिले काही दिवस सकाळी-संध्याकाळी ग्लुकोमीटरवर बघा, आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याची तपासणी) तीन-चार दिवसांत परत करा.